आधी तिथी, मग सहल : पाहुण्यांना अलिबाग ते मुरूड दोन दिवसांत कसे दाखवावे

मुंबई-पुण्याची किंवा त्याहून दूरची मित्रमंडळी शनिवार-रविवार गाठून अलिबागेस येतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा ठिकाणांची लांबलचक यादी असते : कुलाबा किल्ला, नागाव, काशीद, जंजिरा, फणसाड आणि जमल्यास दिवेआगरसुद्धा. या यादीच्या मागे लागल्यास दोन दिवसांतील बहुतेक वेळ गाडीत जातो आणि कुलाबा किल्ल्यासमोर पोहोचल्यावर मध्ये कमरेएवढे पाणी आढळते. माझे घर याच पट्ट्यात असल्यामुळे दर हिवाळ्यात अशा दोन-तीन तुकड्या माझ्याकडे येतात. त्यांना हा भाग दाखवताना जी पद्धत हळूहळू बसत गेली, ती पुढे क्रमाने लिहिली आहे. अलिबाग ते राजापुरी (जंजिऱ्याच्या होड्या जिथून सुटतात ते गाव) हे अंतर पंचावन्न किलोमीटरांच्या आसपास भरते. एवढ्या टापूत आंग्रे, निजामशाही, पोर्तुगीज आणि सिद्दी या चौघांनी समुद्रावर सत्ता गाजवण्यासाठी किल्ले बांधले किंवा जिंकून घेतले. पाहुण्यांना ही एक गोष्ट नीट उमगली, तर चारच ठिकाणे पुरतात.

तारीख ठरवणे

यजमानाचे पहिले काम कॅलेंडरवर तिथी पाहणे हे आहे. राहण्याची खोली त्यानंतर ठरवावी. कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून इतका जवळ आहे की ओहोटीच्या वेळी तिथे चालत किंवा घोडागाडीतून जाता येते आणि भरतीच्या वेळी तो चहूबाजूंनी पाण्यात असतो. म्हणून आपल्या शनिवारी पाणी केव्हा ओसरणार हे आधी कळले पाहिजे. त्यासाठी किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे, जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ समजावी आणि तीत सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटीची वेळ मिळते. द्वादशीचे उदाहरण घ्या. बाराची पाऊणपट नऊ होते, म्हणून भरती सकाळी नऊच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी तीनच्या सुमारास येते. चतुर्थीला भरती तीनला आणि ओहोटी सकाळी नऊला येते. शुक्ल आणि वद्य अशा दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यावरूनच ही रीत निघाली आहे.

या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक राहते, म्हणून तारीख ठरवण्यापुरताच त्याचा उपयोग करावा आणि प्रत्यक्ष दिवशी भरती-ओहोटीचे छापील किंवा मोबाइलवरील वेळापत्रक पाहावे. मुंबई बंदराच्या वेळा अलिबागेला थोड्याच फरकाने लागू पडतात.

वेळेइतकेच महत्त्व पाणी किती हटते याला आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत पाणी पुष्कळ चढते आणि तितकेच दूर ओसरतेही, परंतु पूर्ण ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास येत असल्यामुळे ती किल्ल्याच्या उघडण्याच्या वेळेशी जुळत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा कमी चढ-उतार, असतो. तेव्हा ओहोटी भर दुपारी येते खरी, पण पाणी पुरते हटत नाही आणि गुडघाभर पाण्यातून जाण्याची तयारी ठेवावी लागते. म्हणून माझ्या मते दोन खिडक्या सर्वांत सोयीच्या आहेत : सकाळी किल्ला पाहायचा असल्यास तृतीया ते पंचमी आणि दुपारी पाहायचा असल्यास एकादशी ते त्रयोदशी. महिन्यातून दोन वेळा हा योग येतो आणि थोडे मागेपुढे केल्यास तो शनिवारवर आणता येतो. पुढील आखणी द्वादशीचा शनिवार गृहीत धरून केली आहे. चतुर्थीचा शनिवार असेल तर शनिवारची सकाळ आणि दुपार यांची अदलाबदल करावी, बाकी सर्व तसेच राहते.

ऋतूंपैकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम आहे. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या आणि गेटवेहून सुटणाऱ्या लाँच बंद असतात, शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असल्यामुळे ताजी मासळीही बेताची मिळते. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्या दिवसांत वडखळजवळ गाड्यांच्या रांगा लागतात आणि प्रवासातच निम्मा शनिवार संपतो.

येणे आणि राहणे

मुंबईकरांनी शक्यतो पाण्याच्या वाटेने यावे. गेटवेहून मांडव्याला तासाभरात पोहोचता येते आणि तिथून अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे बहुतेक लाँच कंपन्यांच्या तिकिटातच धरलेले असते. स्वतःची गाडी आणायची असल्यास भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट आहे. ती २०२० साली सुरू झाली आणि तिच्यामुळे पेण-वडखळचा वळसा वाचला. पुण्याकडील मंडळींनी खोपोली-पेणमार्गे यावे. पाहुण्यांनी शुक्रवारी रात्रीच मुक्कामी पोहोचावे, असा माझा आग्रह असतो. शनिवारी सकाळी निघून आलेल्या माणसाला त्या दिवशी एक किल्लासुद्धा शांतपणे पाहता येत नाही.

मुक्काम अलिबाग शहरात करण्याऐवजी नागाव, चौल किंवा रेवदंडा येथे करावा आणि दोन्ही रात्री एकाच ठिकाणी राहावे. हा भाग अलिबाग आणि मुरूड यांच्या मध्ये असल्यामुळे रविवारच्या लांब प्रवासातील थोडे अंतर वाचते आणि सामानाची बांधाबांध एकदाच करावी लागते. येथील अनेक घरांनी नारळ-सुपारीच्या वाड्यांत राहण्या-जेवण्याची सोय केली आहे. जेवणाची सूचना आदल्या दिवशी द्यावी लागते, कारण मासळी सकाळच्या बाजारावर अवलंबून असते. तांदळाची भाकरी, सोलकढी आणि त्या दिवशी मिळालेली मासळी एवढे सांगितले की पुरते. कुठे जिताडा मिळाला तर सोडू नये. खाडीच्या पाण्यात वाढणाऱ्या या माशाला अलिबाग-पेण भागात पापलेटाहून अधिक मान आहे. जानेवारीत पाहुणे आले तर यजमानांना पोपटीची विनंती करून पाहावी. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे आणि मसाला लावलेली कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून ते मडके शेतात उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करून शिजवतात. ज्या पाहुण्यांनी ती खाल्ली, त्यांनी पुढच्या वर्षी येण्याची तारीख तिच्यावरूनच ठरवली.

एक विनंती पाहुण्यांना गाडीतून उतरण्यापूर्वीच करावी. कुणाला अजाण ठरवताना ‘अलिबागहून आलास का’ असे म्हणण्याची सवय अनेकांना आहे. ती येथील माणसांना मनापासून लागते.

शनिवार सकाळ : चौल आणि रेवदंडा

सकाळी साडेसातला निघून आधी चौलचे रामेश्वर मंदिर गाठावे. समोरची पुष्करिणी, कौलारू सभामंडप आणि सकाळची शांतता यांमुळे दिवसाची सुरुवात घाईविना होते. वयस्कर पाहुणे असतील तर ते येथे तासभर आनंदाने बसतात. ज्यांना पायऱ्यांची सवय आहे, त्यांनी जवळच्या टेकडीवरील दत्तमंदिरापर्यंत जाऊन यावे. वरून चौलच्या वाड्या आणि पलीकडील खाडी एकाच नजरेत येतात आणि हे बंदर येथेच का झाले हे पाहुण्यांना न सांगता कळते.

चौलची कथा मंदिराच्या ओट्यावर बसूनच सांगावी. ‘चंपावती’ या नावाने ओळखले जाणारे हे बंदर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नोंदींत येते आणि दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी येथे येऊन गेला. त्व्हेर येथील अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात विकण्यासाठी एक घोडा घेऊन येथे उतरला आणि पुढे जुन्नर-बिदरकडे गेला. वास्को द गामा हिंदुस्थानात पोहोचण्याच्या पंचवीसहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट आहे. निकितीनचे स्मारक रेवदंड्यात शाळेच्या आवारात आहे. ते पाहायचे असल्यास शाळेची परवानगी घ्यावी.

चौलहून रेवदंड्याला जाताना रस्ता एका जुन्या दरवाजातून आत शिरतो आणि गाव तटबंदीच्या आत वसले असल्याचे लक्षात येते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात उभारलेला हा किल्ला आज वाड्यांनी आणि घरांनी भरून गेला आहे. येथे गाडी सोडून पायी फिरावे. वाडीतल्या वाटा खासगी मालकीच्या असतात, म्हणून आत शिरण्यापूर्वी घरातल्या माणसांना विचारावे. आजवर मला कुणी नाही म्हटलेले नाही. चर्चचे भग्न अवशेष, पोर्तुगीज राजचिन्हे कोरलेले दगड आणि नारळांतून वर डोकावणारा ‘सातखणी’ मनोरा एवढे पाहण्यास दीड तास लागतो. मनोऱ्याचे सातांपैकी चारच मजले उरले आहेत. त्यावर चढण्याचा प्रयत्न करू नये.

शेवटी समुद्राकडील तटाशी उभे राहून कुंडलिका नदीचे मुख दाखवावे. मार्च १५०८ मध्ये याच पाण्यात इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि गुजरातच्या मलिक अयाझची गलबते यांनी मिळून पोर्तुगीजांचा पराभव केला. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सु या लढाईत मारला गेला आणि त्याचा सूड म्हणून पुढच्याच वर्षी दीवची लढाई झाली. समोरच्या काठावर दिसणारा लांबट डोंगर म्हणजे कोर्लई. त्यावर रविवारी जायचे आहे, हे येथेच सांगून ठेवावे, म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांचा संबंध मनात राहतो.

शनिवार दुपार : कुलाबा किल्ला

लवकर जेवून एक-सव्वाच्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचावे आणि वेळापत्रकातील ओहोटीची वेळ पुन्हा एकदा पाहावी. माझा नियम असा आहे : पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी, पाणी हटत असतानाच निघावे आणि पूर्ण ओहोटीनंतर अर्ध्या तासाच्या आत परत किनाऱ्यावर यावे. पाणी अजून दूर दिसते म्हणून किल्ल्यात रेंगाळणे हीच येथील नेहमीची चूक आहे. भरतीचे पाणी समोरून एकसारखे येत नाही, ते बाजूच्या खोलगट भागांतून आधी भरते आणि परतीची वाट मध्येच तुटते. एका वर्षी माझ्या दोन मित्रांनी आणखी चार छायाचित्रांसाठी वीस मिनिटे अधिक घेतली आणि आम्हांला मांडीपर्यंतच्या पाण्यातून, एका लहान मुलाला खांद्यावर घेऊन परतावे लागले. त्या दिवसापासून मी निघण्याची वेळ सर्वांच्या मोबाइलवर गजर लावून ठरवतो. ज्यांना चालणे जमणार नाही, त्यांच्यासाठी घोडागाडी ठरवावी आणि गाडीवाल्याने परतीची जी वेळ दिली असेल, तिच्यावर वाद घालू नये. पाण्याची त्याची जाण आपल्यापेक्षा अधिक असते.

पायांत पट्ट्याची, भिजली तरी चालणारी पादत्राणे असावीत, कारण वाटेतील खडकांवर शेवाळ आणि कालवांच्या धारदार कडा असतात. किल्ल्यात सावली आणि स्वच्छतागृह यांच्या भरवशावर राहू नये, म्हणून टोपी व पाणी सोबत घ्यावे आणि किनाऱ्यावरच सर्व आटोपून निघावे.

किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये, निधनापूर्वी थोडेच दिवस आधी सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून त्यावर चढाई केली, ती फसली. पाहुण्यांना एवढा इतिहास पुरतो. डोळ्यांना दाखवण्यासारखी खरी गोष्ट आहे तटाचे चिरे. प्रचंड दगड चुना न भरता एकावर एक रचले आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते, त्यामुळे तिचा जोर विभागला जातो आणि तीनशे चाळीसहून अधिक वर्षे हा तट उभा आहे. मुलांना फटीत हात घालून पाहू द्यावा. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, बाजूला पुष्करिणी आहे आणि चहूकडे खारे पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. उत्तरेकडील तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या इंग्रजी बनावटीच्या दोन तोफा आहेत. येथवर पाहून होईतो गजर वाजतो.

संध्याकाळी शहरात कान्होजी आंग्रे यांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. त्यांचे निधन १७२९मध्ये झाले. ज्या समुद्रावर त्यांनी इतरांना परवान्याशिवाय फिरू दिले नाही, तो समुद्र दुपारी पायांखाली तुडवून आल्यावर या समाधीपाशी पाहुणे आपोआप गप्प होतात, असा माझा अनुभव आहे. समुद्राजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर तेथील कुलाबा भागातल्या वेधशाळेतील नोंदी बिघडू नयेत म्हणून तिचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४मध्ये ती येथे आणली. आत सर्वांना प्रवेश नसतो, त्यामुळे ती गोष्ट रस्त्यावरूनच सांगावी.

इस्रायल आळीतील मागेन आबोथ हे सिनेगॉग शनिवारी बाहेरूनच पाहावे. बेने इस्रायली या कोकणातील ज्यू समाजाचा तो शब्बाथचा, विश्रांतीचा दिवस असतो. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. नवगावकर, पेणकर, चेऊलकर, किहीमकर ही त्यांची आडनावे याच गावांवरून आली आहेत आणि इस्रायलला गेलेल्या अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. आत जायचे असल्यास आधी विचारून दुसरा दिवस ठरवावा.

रविवार : आधी जंजिरा, मग कोर्लई

रविवारी सहाला निघावे. रेवदंडा-साळाव पूल ओलांडला की रस्ता समुद्राला चिकटून जातो आणि काशीद, नांदगाव, मुरूड अशी गावे मागे टाकत आपण आठच्या आत राजापुरीला पोहोचतो. दहानंतर तेथे होडीसाठी मोठी रांग लागते आणि वारा वाढल्यामुळे होडीत चढ-उतार करणेही अवघड होते, म्हणून ही पहाट चुकवू नये. काशीदला परतीच्या वाटेवर थांबावे, पण पाण्यात उतरू नये. पांढऱ्या वाळूचा तो किनारा देखणा असला तरी तेथे आतून ओढणारे प्रवाह आहेत आणि पट्टीचे पोहणारेही तेथे बुडाले आहेत.

शिडाच्या होडीत बसल्यावर किल्ल्याचा दरवाजा शोधण्यास पाहुण्यांना सांगावे. तो राजापुरीच्या दिशेलाच असूनही दोन बुरुजांच्या कुशीत असा लपला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दरवाजाजवळच्या शिल्पात एका वाघासारख्या पशूने पंजांत, तोंडात आणि शेपटीत हत्ती पकडले आहेत. ते बहुतेकांच्या नजरेतून निसटते. होडीवाले साधारण पाऊण तास देतात. एवढ्या वेळात बावीस एकरांचा किल्ला पुरता होत नाही, म्हणून कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचा मोठा तलाव आणि वरचा बालेकिल्ला एवढेच ठरवून जावे. तोफेचा पल्ला आणि भुयारे यांविषयी तेथे ऐकू येणारे आकडे खरे धरू नयेत.

आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हे बेट अखेरपर्यंत राखले आणि त्यांचे संस्थान १९४८मध्येच विलीन झाले. शिवाजी महाराजांनी या बेटावर वचक ठेवण्यासाठी समोर पद्मदुर्ग बांधला, तो तटावरून स्पष्ट दिसतो. संभाजी महाराजांनी १६८२मध्ये राजापुरीकडून समुद्रात भराव घालून बेटापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला. तटावर उभे राहून हे अंतर डोळ्यांनी मोजले म्हणजे त्या प्रयत्नाचा आवाका कळतो. महाराजांचे पराक्रम सांगताना सिद्दींच्या दर्यावर्दी कौशल्याला कमी लेखू नये, असे मला आवर्जून वाटते. परतल्यावर राजापुरीजवळ खोकरीचे तीन घुमट पाहावे. सिद्दी सरदारांच्या या कबरींवरील दगडी जाळीकाम सुरेख आहे आणि गर्दी जवळजवळ नसते.

मुरूडला जेवून, थोडी विश्रांती घेऊन साडेतीनच्या सुमारास कोर्लईच्या पायथ्याशी असावे. गावातील अरुंद रस्ता दीपगृहापर्यंत जातो, तेथून पायऱ्यांनी वर जाण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात. किल्ला लांब आणि अरुंद डोंगरधारेवर आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. पोर्तुगीजांनी १५९४मध्ये तो निजामशाहीकडून घेतला आणि १७४०मध्ये तो मराठ्यांकडे आला. वरून रेवदंडा समोर दिसतो. शनिवारी तेथून हा डोंगर पाहिला होता, आज येथून तो तट पाहायचा, म्हणजे दोन किल्ल्यांनी खाडीचे तोंड कसे आवळले होते ते ध्यानात येते.

पोर्तुगीज गेले, पण खालच्या गावात त्यांच्या भाषेतून घडलेली एक बोली उरली. गावकरी तिला ‘नोलिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. तिच्यात मराठी चांगलीच मिसळली आहे आणि बोलणारे जेमतेम हजारभर आहेत. ही बोली ऐकण्याची इच्छा पाहुण्यांना होतेच, पण वाटेतल्या माणसाला थांबवून ‘काहीतरी बोलून दाखवा’ असे सांगणे अगदी अयोग्य आहे. चहाच्या टपरीवर किंवा चर्चबाहेर बसले की ती कानांवर पडते.

सूर्यास्ताचा मोह आवरून साडेपाचला खाली उतरावे, कारण पायऱ्या अंधारात धोक्याच्या आहेत. मांडव्याहून जाणाऱ्यांना शेवटची लाँच मिळणार नाही, म्हणून त्यांनी रस्त्याने जाण्याची व्यवस्था किंवा रात्रीच्या रो-रो फेरीचे आरक्षण आधीच करून ठेवावे. लाँचच पकडायची असेल, तर कोर्लई सोडून दुपारी दोनलाच मुरूडहून निघावे. पेणच्या वाटेने जाताना फेब्रुवारीनंतर खंडाळे-कार्ले भागात रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. २०२२मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा गोडसर कांदा घेताना माळ हातात तोलून पाहावी, मानेशी ओला कांदा असल्यास ती घेऊ नये आणि घरी नेल्यावर पिशवीत न ठेवता वाऱ्याच्या जागी टांगावी.